मामेसासऱ्यांची दोन बोटं

माणसाचं नाव, गाव, शिक्षण, पगार यातलं काहीएक न विचारता त्याच्याविषयी सगळं समजून घेणारा एकच मनुष्य मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. आमच्या हिचे हे मामा पोलादपूरहून उमरठकडे जाताना लागणाऱ्या एका वाडीत राहतात. मी हिला बघायला गेलो तेव्हा मुलीकडच्या मंडळींनी प्रश्नांची तयारी केली होती. मीही महाडच्या शाळेत भूगोल शिकवतो, नोकरी कायम आहे, घर स्वतःचं आहे, अशी उत्तरं घोकून गेलो होतो. मामांनी जय भीम करून हात पुढे केला, मी तो धरला, आणि त्यांची दोन बोटं माझ्या तळव्यावरून सरकत मनगटावर जाऊन बसली ती उठेचनात. पोहे आले, पोहे गार झाले. मुलगी आली, बसली, उठून गेली. उजवा हात अडकल्यामुळे मी पोहे डाव्या हातानं खाल्ले, आणि ते हिच्या आत्यानं बरोबर टिपलं. शेवटी मामांनी हात सोडला आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता हिच्या वडिलांना निकाल सांगितला, "पोरगा बरा हाय. घाबरलाय, पण दमानं घाबरलाय." माझी सगळी पाठ केलेली उत्तरं फुकट गेली आणि लग्न ठरलं.

मामांनी मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात तीस वर्षं नोकरी केली आणि तीस वर्षं एकच काम केलं. ते दाबत. हे मी थट्टेनं सांगत नाही. शरीरात खोल कुठे रक्तस्राव होत असला, किंवा एखाद्या गाठीला पोसणारी रक्तवाहिनी बंद करायची असली, तर पोट न फाडता जांघेतल्या मोठ्या धमनीतून आत शिरायची एक विद्या आहे. डॉक्टर जांघेत बोटांनी ठोका शोधतात, तिथे सुई घालतात, सुईतून बारीक तार सोडतात, सुई काढून तारेवरून नळी सरकवतात, आणि मग समोरच्या पडद्यावर बघत त्या वाटेनं शरीरात हवं तिथे जाऊन येतात. काम झालं की नळी काढायची. पण धमनीला पडलेलं भोक आपलं आपण मिटत नाही, तिथून रक्ताची चिळकांडी उडते. म्हणून नळी निघायच्या क्षणी तिथे मामांची दोन बोटं बसलेली असत आणि पुढची वीस मिनिटं ती तिथून हलत नसत. "दार उघडाया डागदरला पाच मिनटं," मामा सांगत, "लावाया मला वीस."

या दाबण्यात काय एवढं, असं मी नवा जावई असताना एकदा बोलून गेलो. त्यावर मामांनी मला अंगणात उताणं झोपवून अर्धा तास शिकवलं. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत होती. सुई तिरपी वर जाते, त्यामुळे कातडीवरचं भोक खाली राहतं आणि धमनीतलं खरं दार त्याच्या दोन बोटं वर असतं. नवशिका माणूस रक्त दिसतं तिथे दाबतो. बाहेरचं थांबतं, आतलं चालूच राहतं. दाबताना डोळे मिटायचे, कारण डोळा रक्ताकडे बघतो आणि हाताला भलतंच सांगतो. डावा हात रोग्याच्या पावलावर ठेवायचा, कारण वरून फार जोर झाला तर पाय गार पडतो. "जास्त दाबलं तर पाय जातो, कमी दाबलं तर माणूस," असं म्हणून त्यांनी माझ्या जांघेवरचा हात काढला आणि मी कपडे झटकत उठलो. तेवढ्या वेळात पायाला मुंग्या आल्या होत्या.

निवृत्त होऊन गावी आले तरी हात काही निवृत्त झाले नाहीत. स्वयंपाकघरातला नळाचा पाइप एकदा गळायला लागला, तर मामा गळतीच्या दोन बोटं वर दाबून डोळे मिटून उभे राहिले. प्लंबर आला, पाना घेऊन शेजारी उकिडवा बसला, विडी ओढून परत आला, तरी मामा हटेनात. वीस मिनिटं भरल्यावर त्यांनी बोटं हळूच उचलली आणि पाइप पूर्वीसारखाच गळू लागला तेव्हा त्याच्याकडे असं बघितलं की त्या पाइपाचं पुढे काही खरं नाही. पाकिटाला तिकीट लावलं तरी वीस मिनिटं. घड्याळ ते वापरत नाहीत. मामींनी भाताच्या तीन वाफा यांच्या दाबण्याच्या भरवशावर काढलेल्या मी पाहिल्यात. उजव्या हाताची ती दोन बोटं सोडून बाकी सगळ्या अंगानं ते शेतात राबत. त्या दोन बोटांना चिखल नाही, कोयता नाही, मिरची नाही. रोज सकाळी खोबरेल लावून ती फडक्यात गुंडाळून ठेवत. मामी म्हणायच्या, "माज्या दागिन्यांना एवढं कुणी जपलं नाय."

दोन गोष्टी मात्र त्या घरात चालत नसत. एक म्हणजे, चहा आला असं कुणी तोंडानं म्हणायचं नाही. मामी कप आणून गुपचूप समोर ठेवत, तुम्हाला दिसला तर प्या. नवे पाहुणे बिचारे चहाची वाट बघत बसत आणि समोरचा कप गार होई. दुसरं म्हणजे, मामा वरंधच्या रस्त्यानं जात नसत. भोरला, पुण्याला जायचं असलं तरी उलटा वळसा घालून जात. हिच्या चुलतभावाचं लग्न त्या बाजूला होतं, तेव्हा वऱ्हाडाची गाडी महाडजवळच्या फाट्याला वळताच मामांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर टकटक केली, आहेराचं पाकीट माझ्या हातात कोंबलं आणि कडक इस्त्रीच्या कपड्यांत ते खाली उतरले. संध्याकाळी परतलो तर त्याच फाट्याला, त्याच मैलाच्या दगडावर बसलेले. विचारलं तर म्हणाले, "त्या रस्त्याची वळणं मला सोसत नाय." आंबेनळीच्या घाटाची वळणं ज्याला सोसतात त्याला वरंधची काय होत होती, हे काही मला कळलं नाही.

आणि एक गोष्ट सांगू की नको असं मला नेहमी वाटतं, कारण मी शाळेत शिकवणारा माणूस आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. ऊन असं की कोंबड्यासुद्धा पडवीत येऊन गप्प बसलेल्या. मामा पुढच्या दाराच्या खालच्या पायरीवर बसून, डोळे मिटून, ती दोन बोटं दगडावर टेकवून होते. मामी आतून म्हणाल्या, "बोलू नका. त्यांची डुटी लागलीय." वीस मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी विचारलं, "काय करत होतात?"

"ठोका बघत व्हतो."

"दगडाला ठोका?"

"दगडाला कसा असंल जावईबापू? बोटांना."

"मग तो तुमचाच की."

"माजा नाय. माजा सरळ हाय." मामांनी डावं मनगट माझ्याकडे केलं. "ह्यो धरा. आता ही बोटं धरा."

मी एका हातानं त्यांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत त्यांच्या दोन बोटांची टोकं. मनगटातला ठोका संथ, एकसारखा चालला होता. बोटांच्या टोकांत दुसराच होता. हलका, घाईचा, चार ठोके पडत आणि पाचवा गाळलेला. पुन्हा चार, पुन्हा एक रिकामी जागा. एका माणसाच्या अंगात दोन ठोके कसे असतील? मी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघायचा धीर झाला नाही. भूगोलाच्या मास्तरानं असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये, म्हणून मी ठेवला नाही. फक्त त्यानंतर त्या पायरीवर मी कधी बसलो नाही, उंबऱ्यावरून थेट अंगणात उतरायची सवय लावून घेतली.

हे कोडं मामांनीच उलगडलं, आणि ते सांगायला त्यांनी जी वेळ निवडली ती फक्त तेच निवडू शकतात. कॉलेजात असताना मला क्षय झाला होता. तो बरा झाला, पण उजव्या फुफ्फुसात त्याची खूण राहिली. गेल्या वर्षी भादव्यात खोकताना एकाएकी वाटीभर रक्त पडलं, मग पुन्हा पडलं. साताऱ्याकडच्या एका इस्पितळात नेलं, तिथले डॉक्टर म्हणाले की जांघेतून आत जाऊन छातीतली ती रक्तवाहिनी बंद करू, नाहीतर पुढच्या खेपेला वाटीवर भागणार नाही. ही घाबरली आणि तिनं मामांना बोलावून घेतलं. मामांनी तरुण डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "नळी काढल्यावर दाबणार कोण?" डॉक्टर हसून म्हणाले की आता दाबायला लागत नाही, भोकात छोटा प्लग बसवतात, दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी, मला आत न्यायच्या तासभर आधी, मामा माझ्या खाटेशी येऊन बसले आणि त्यांनी मला वरंधच्या बाईची गोष्ट सांगितली.

सव्वीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला. वरंधच्या बाजूच्या एका वाडीतली बाई बाळंत झाली, रक्त थांबेना म्हणून जीपमधून मुंबईला आणली. डॉक्टरांनी जांघेतून जाऊन पोटातली वाहिनी बंद केली, रक्त थांबलं, सगळे खूश झाले. नळी निघाली आणि मामांनी बोटं टेकवली. बाई शुद्धीवर होती. त्यांची बोली ऐकून तिनं विचारलं, गाव कुठलं? मामा म्हणाले, पोलादपूर. "मंग म्हायेरचंच की," असं म्हणून ती हसली. चौदा मिनिटं झाली तेव्हा दारातून शिपाई ओरडला, "मामा, चहा आला!" सकाळपासून मामांच्या पोटात काही नव्हतं. त्यांनी डोळे उघडून बघितलं, जखमेवर रक्ताचा थेंब नव्हता. त्यांनी हात उचलला. "अंगातलं सगळं रगत पाण्यावानी झालेलं तिचं," मामा मला सांगत होते, "तिला वीस पण पुरली नसती, चाळीस लागली असती. नि मी चौदाला सोडला." बाहेर थेंबही आला नाही, सगळं आतल्या आत पाठीकडे साचत गेलं. दोन तासांनी ती पांढरी पडली आणि गेली. बाळंतपणात खूप रक्त गेलेली बाई ती, कुणी कुणाला काही विचारलं नाही. मामांनीही सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी कामाला हात लावला तेव्हा पेशंटच्या ठोक्याच्या वर तिचा ठोका लागला, आदल्या दिवशी बोटांखाली होता तसाच. चार, आणि एक गाळलेला.

"तेव्हापासून हाय ती," मामा म्हणाले, आणि तेवढ्यात मला न्यायला चाकाची खाट आली. ऑपरेशनला जाणाऱ्या माणसाला याहून वाईट निरोप मिळाला असेल असं मला वाटत नाही.

माझं काम मात्र उत्तम झालं. रक्त थांबलं, प्लग बसला, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. जोरात खोकू नका, एवढं डॉक्टरांनी तीनतीनदा बजावलं होतं. आमच्या गल्लीतले इक्बालभाई त्यांची व्हॅन घेऊन आले होते. महाबळेश्वर सोडून आंबेनळी उतरायला लागलो तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील, पण धुकं असं होतं की समोरची काच कुणीतरी आतून पांढरी रंगवल्यासारखी दिसत होती. निम्म्या घाटात एका वळणावर ट्रक आडवा अडकला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या, आणि हॉर्नसुद्धा धुक्यात विरून जात होते. फोनला रेंज नव्हती. काचेच्या फटीतून गार हवा आली आणि मला खोकला सुटला. आवरता आवरेना. खोकता खोकता जांघेत काहीतरी पट्‌कन निसटल्यासारखं वाटलं, आणि मग तिथे कोमट काहीतरी फुगत चाललं.

मी कण्हलो तशी हिनं घाईनं पट्टी बघितली आणि तिच्यावर दोन्ही हात दाबून धरले. "मामा, रक्त काहीच नाही," ती म्हणाली.

पुढच्या सीटवरचे मामा वळलेसुद्धा नाहीत. "म्हणूनच," ते म्हणाले. "जावईबापू, हात द्या." मी हात पुढे केला. दोन बोटं मनगटावर बसली आणि लगेच उठली. "इक्बाल, गाडी बाजूला घे."

"मामू, गाडी तर अर्ध्या तासापासून उभीच हाय," इक्बालभाई म्हणाले, पण मामांचा चेहरा बघून ते खाली उतरले आणि पुढे ट्रकवाल्यांना ओरडायला लागले. मामा मागे आले, मला सीटवर आडवं केलं, आणि हिचे हात बाजूला सारून दोन सीटच्या मधल्या चिंचोळ्या जागेत गुडघ्यांवर बसले. पट्टीच्या दोन बोटं वर त्यांनी हात टेकवला आणि डोळे मिटले. दुखलं म्हणजे इतकं दुखलं की डोळ्यांपुढे धुकं होतं की माझी शुद्ध जात होती ते मला सांगता येत नाही. डावा हात त्यांनी माझ्या पावलावर ठेवला होता. गाडीच्या घड्याळात एक वाजून सतरा मिनिटं झाली होती. मला स्पष्ट कळत होतं की आतलं दार उघडलंय, आणि या घाटात ते लावू शकेल असा एकच माणूस आहे, आणि त्याचं वय अडुसष्ट आहे.

धुकं काचांना चिकटून होतं. माझा ठोका त्यांच्या बोटांवर आपटत होता ते मला जाणवत होतं, आणि थोड्या वेळानं आणखी काहीतरी जाणवायला लागलं. माझं हृदय जन्मात कधी ठोका चुकलेलं नाही, तसा कागद माझ्याकडे आहे. पण त्या दाबाखाली चार पडत होते आणि पाचव्याच्या जागी पोकळी होती. मला वाटलं आता संपलं. मी हिचा हात धरला. घड्याळात एक एकतीस झाले होते.

तेवढ्यात माझ्या डोक्याशी, काचेच्या अगदी पलीकडून, एका बाईचा आवाज आला. मोठा नव्हता, घरातल्या घरात हाक मारावी तसा होता.

"मामा, चहा आला."

हिनं दचकून काचेकडे बघितलं, म्हणजे तो तिनंही ऐकला होता. काचेबाहेर फक्त पांढरं होतं. मामांची मान एवढीशी हलली. त्यांच्या कपाळावरून घाम माझ्या पोटावर टपकत होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो, कारण माझं सगळं आता त्या बोटांवर होतं आणि ती उचलली जाणार की नाही हे मला त्यांच्या तोंडावरच दिसणार होतं.

डोळे न उघडता मामा म्हणाले, "घेऊन जा गो बाय. आज नाय सुटायचा हात."

बाहेर काही हललं नाही. चप्पल वाजली नाही, कपबशी वाजली नाही. मामा दाबत राहिले. वीस झाली, तीस झाली, चाळीस झाली. मधे कधीतरी माझा ठोका सरळ झाला होता. ट्रक निघाला तेव्हा इक्बालभाई येऊन बसले आणि हिनं त्यांना विचारलं की आत्ता चहावाली बाई कुठे गेली. ते म्हणाले, "वहिनी, मी इथेच दोन हातांवर उभा. रस्त्यावर कुत्रंपण नाय." पोलादपूर आलं, महाड आलं, तरी मामांनी हात सोडला नाही. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून भोक मिटलंय म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी बोटं उचलली. ती सरळ होईनात. मामींना दोन दिवस शेकावी लागली. प्लगला मी दोष देत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. खोकू नका म्हणाले होते आणि मी खोकलो.

आठवड्यानं मामा आमच्याकडे आले. आमच्या हिनं सवयीनं चहा गुपचूप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी कप बाजूला सरकवला आणि ते म्हणाले, "जावईबापू, बोटं गप्प झाली."

"बरं झालं की मामा."

"बरं कसलं? सव्वीस वरसं व्हती. दुपारचं बसलो म्हंजे सोबत असायची." त्यांनी बोटांकडे बघितलं. मामींच्या दागिन्यांहून जपलेली ती बोटं त्या दिवशी उघडीच होती. "गेली कुठं असंल?"

मला त्यांची दया आली आणि ती लपवायला मी उगाच थट्टेनं म्हणालो, "घरी गेली असेल."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी थट्टा केली याची मला लाज वाटली. "मंग आपल्याला पण गेलं पायजे," ते म्हणाले. "सांगाया पायजे कुणाला तरी."

माझी जखम पुरती भरल्यावर आम्ही गेलो. फाट्याला गाडी वळली तेव्हा मामांनी सीटचा दांडा घट्ट धरला, पण उतरले नाहीत. वाडीत विचारायला फार फिरावं लागलं नाही. बाळंतपणात मुंबईला नेलेली आणि परत न आलेली बाई अशा गावांत विसरली जात नाही. तिची मुलगी तिथेच होती, आजीनं वाढवलेली. आजी गेल्यावर घर तिच्याकडे आलं होतं आणि ती अंगणवाडीत ताई होती. दाराशी बसून तांदूळ निवडत होती. सुपातले खडे बाजूला काढत तिनं आम्हाला पडवीत बसायला सांगितलं. तिला वाटलं, आम्ही कसल्या तरी सर्वेक्षणाला आलोत.

मामांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. शिपायाची हाक सांगितली, चौदा मिनिटं सांगितली. मी बाजूला बसून जमिनीकडे बघत होतो. तिनं ओरडावं, हाकलावं, निदान रडावं असं मला वाटत होतं, म्हणजे मामांना सोपं गेलं असतं. ती मध्येच तांदूळ निवडायची थांबली होती, एवढंच.

"आजी सांगायची, अंगातलं रक्त संपलं म्हणून गेली," ती म्हणाली.

"व्हतं थोडं," मामा म्हणाले. "मी सोडला हात."

मग तिनं विचारलं, "दुखत होतं का तिला?"

"नाय. हसत व्हती. माजा हात गरम हाय म्हणाली."

"आणखी काय म्हणाली?"

"पोरगी दूध पिते का म्हणून विचारलंन. मला काय म्हाईत असणार? मी आपला म्हटलं, पिते."

"पीत होते," ती म्हणाली. "शेजारच्या काकूंचं." तिनं सूप खाली ठेवलं. "मामा, माझ्याकडे तिचा एकपण फोटो नाही. दिसायला कशी होती हो?"

सव्वीस वर्षं ज्या बाईचा ठोका मामांनी बोटांत बाळगला, दुपारदुपार बसून ऐकला, तिच्याविषयी त्यांना हे एकच माहीत नव्हतं. मी त्यांना इतकं हताश घाटातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"तोंड मी बघितलंच नाय गो," ते म्हणाले. "डोळे मिटलेलं असतात माजं. उघडलं तेव्हा पयली जखम बघितली, नि मंग चहाकडं गेलो."

तिला राग आला असावा असं मला वाटलं, कारण ती उठली. पण ती दारातून बाहेर उजेडात आली, डोक्यावरची ओढणी मागे सारली आणि मामांच्या समोर येऊन बसली.

"आजी म्हणायची, तोंड तिचंच घेतलंय मी," ती म्हणाली. "बघा."

मामा बघायला लागले. मी उठून अंगणात आलो, चपला घातल्या आणि गाडीशी जाऊन थांबलो. त्यांना यायला बराच वेळ लागला.